वेस्टर्न कादंबरीतला पोरका पोरगा कसा लिहायचा

आपल्याकडे गावात नवीन पोर दिसलं की म्हातारी माणसं आधी विचारतात, "कुणाचा रे तू?" नाव वगैरे नंतर. माझे बाबा आठ वर्षांचे असताना त्यांचे आईवडील गेले आणि ते मामाकडे वाढले. ते सांगायचे की या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे त्यांना कित्येक वर्षं कळायचंच नाही, वडलांचं नाव सांगितलं तर समोरचा हळहळायचा, मामाचं सांगितलं तर आपण खोटं बोललो असं वाटायचं. मला लहानपणापासून वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या काउबॉयच्या गोष्टी, वाचायचं वेड, आणि मराठीत स्वतः एक लिहायची असं ठरवून बसले तेव्हा तीन वेळा पहिली पन्नास पानं फाडल्यावर लक्षात आलं की माझ्या गोष्टीतला टेक्सासचा पोरगासुद्धा याच प्रश्नाचं उत्तर शोधत फिरतोय. घर शोधतोय, प्रेम शोधतोय वगैरे मोठे शब्द वापरले की काहीच लिहिता येत नाही. "कुणाचा तू" याला उत्तर नाही, हे धरलं की सीन सुचायला लागतात. मी जे शिकले ते इथे लिहिते, कुणी असं काही लिहायला घेत असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी पोरगा पोरका कसा झाला ते ठरवा, आणि साल ठरवा. या दोन गोष्टी एकत्रच ठरतात. "आईवडील वारले" एवढं लिहून पुढे जाऊ नका, कारण त्या काळात आणि त्या भागात पोरकं व्हायचे रस्ते वेगवेगळे होते आणि प्रत्येक रस्त्याची वेगळी कादंबरी होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, त्यातले बरेच गोळीने नाही तर रोगाने. १८७८ मध्ये मेम्फिसमध्ये पिवळ्या तापाने पाच हजारांवर माणसं गेली. आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची पोरं तर १८५४ पासून १९२९ पर्यंत रेल्वेने पश्चिमेकडे पाठवली जात होती, चार्ल्स लोरिंग ब्रेस नावाच्या पाद्र्याने १८५३ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी काढली होती तिने हे सुरू केलं, पुढे दुसऱ्या संस्थाही यात आल्या, आणि सगळी मिळून दोन लाखांवर पोरं गेली. गावोगावी चर्चमध्ये नाहीतर नाटकाच्या थिएटरात पोरांना रांगेत उभं करायचे, शेतकरी येऊन बघायचे, दंड चाचपायचे, आणि निवडायचे. भावंडं कित्येकदा वेगवेगळ्या घरी जायची. यातली सगळी पोरं अनाथ नव्हतीच, खूप जणांचे आई किंवा वडील जिवंत होते, फक्त पोसायची ऐपत नव्हती. आई जिवंत आहे आणि तरी आपण "कुणाचेच नाही", हे त्या पोराला कसं वाटत असेल याचा विचार करून बघा, मला तर दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

एक सावधगिरी. घोडेस्वारांकडून टपाल पाठवणाऱ्या पोनी एक्स्प्रेसची ती जाहिरात तुम्ही वाचली असेल, बारीक चणीचे तरुण हवेत, अनाथ असल्यास प्राधान्य. फार आवडती जाहिरात आहे ती सगळ्यांची, पण तिची त्या काळातली मूळ छापील प्रत काही सापडलेली नाही, त्यामुळे त्यावर कादंबरीचा पाया घालू नका. आणि ती टपालसेवा एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढीच चालली, जेमतेम दीड वर्ष.

मी १८७१ घेतलं. पोरगा अकरा वर्षांचा, नाव नेड, टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोजवळ जन्मलेला, बाप युद्धात गेला, आई तापाने. सालावर एवढा जोर देते कारण एक-दोन वर्षांनी सगळं बदलतं. १८७३ हे वर्ष तर वहीवर मोठं लिहून ठेवा. सिनेमात प्रत्येकाच्या कमरेला असतं ते कोल्टचं प्रसिद्ध रिव्हॉल्वर १८७३ चं, तीच गत त्या नावाजलेल्या विंचेस्टर रायफलीची, रिव्हेटवाल्या पँटचं, म्हणजे आजच्या जीन्सचं, पेटंटही १८७३ चं. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट १८७४ चं, म्हणजे १८७१ मध्ये टेक्सासपासून कॅन्ससपर्यंत गुरं जवळपास मोकळी हाकत नेता यायची. कॅन्ससमधली डॉज सिटी वसली १८७२ ला. माझ्या पहिल्या खर्ड्यात हे पाचही चुकलं होतं, आणि चुका सुधारताना मला माझी खरी गोष्ट सापडली कारण १८७१ मध्ये उत्तरेला गुरं न्यायची म्हणजे मुख्यतः कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावाला, आणि तिथे बाजार भरण्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

आता पोराच्या हातात एक वस्तू द्या. "त्याला कुटुंब हवं होतं" ही इच्छा पानावर दिसत नाही, वस्तू दिसते. नेडकडे एक पत्र आहे, आईच्या भावाने ॲबिलीनहून पाठवलेलं. आता इथे मराठीत एक गंमत होते, इंग्रजीत नुसता अंकल असतो, आपल्याला काका की मामा ते ठरवावंच लागतं. मी मामा ठरवला. मामा म्हटलं की वाचकाच्या मनात आजोळ आपोआप उभं राहतं, उन्हाळ्याची सुट्टी, लाड, आणि त्या बिचाऱ्या मामाने यातलं काहीच केलेलं नसतं तरी वाचक नेडच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवतो. हे हत्यार जपून वापरा, पण वापरा.

वस्तू झाली की लगेच काम द्या. हा माझा सगळ्यात मोठा धडा. माझ्या ताईने पहिला खर्डा वाचून एवढंच म्हटलं, "हा नुसता रडतो गं, करत काहीच नाही." मला वाईट वाटलं पण ती बरोबर होती. पोरक्या पोराला दया दाखवून मोठं करता येत नाही, कथेत तर नाहीच. आणि त्या काळात अकरा-बारा वर्षांच्या पोराला कुणी फुकट खायलाही घालत नव्हतं.

गुरांच्या काफिल्यात काम कसं चालायचं ते नीट समजून घ्या, कारण तिथल्या माणसांची उतरंडच तुमच्या पोराची शिडी आहे. अडीच-तीन हजार लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांची, गुरं, दहा-बारा माणसं, एक स्वयंपाकी, एक म्होरक्या. टेक्सासमध्ये चार डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेला रेल्वेपर्यंत पोचलं की तीस-चाळीसला जायचं, म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसाला दहा ते पंधरा मैल, त्याहून जास्त पळवलं तर गुरं वाळतात आणि भाव पडतो, म्हणजे टेक्सासहून कॅन्ससला जाणाऱ्या चिशोम ट्रेल या वाटेवर दोन-तीन महिने सहज गेले. कळपाच्या तोंडाशी अनुभवी माणसं, बाजूंना मधली, आणि शेवटी धूळ खात येणारी नवखी, ज्यांची तोंडं संध्याकाळी ओळखू येत नसत. पोरगा यात कुठे? तो राखीव घोड्यांकडे. माणशी पाच-सहा किंवा जास्त घोडे लागायचे, कारण एक घोडा दिवसभर टिकत नाही, आणि ते सगळे घोडे राखायचे, पहाटे हाकून आणायचे, हे सगळ्यात खालचं काम पोराटोरांना मिळायचं. त्याला तिथे रँग्लर म्हणतात. आपल्याकडे मोतद्दार शब्द आहे, मी तोच वापरला आणि एकदम ते पोर मला घरचं वाटायला लागलं.

शब्दांबद्दल थोडं जास्तच सांगते कारण मला त्याचं फार प्रेम आहे. लोकांना वाटतं वेस्टर्न मराठीत लिहायची म्हणजे पानोपानी इंग्रजी येणार. अजिबात नाही. घोड्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत भाषा आहे, कित्येक पिढ्या घोड्यावर काढल्यात आपण. खोगीर, रिकीब, लगाम, तंग, नाल, टापा, दुडकी चाल, भरधाव, सगळं तयार आहे. आणि एक गोष्ट मला सापडली तेव्हा मी रात्री उठून लिहून ठेवली. या काउबॉय लोकांचं खोगीर स्वतःचं असायचं पण प्रवासातले घोडे बहुतेक मालकाचे असायचे. म्हणजे हे शिलेदार नव्हेत, बारगीर. मराठ्यांच्या फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारातून मिळाला तो बारगीर. हे एकदा डोक्यात बसलं की काउबॉयचं सगळं स्वातंत्र्य-बितंत्र्य वेगळं दिसतं, तो महिना तीसेक डॉलरवर राबणारा पगारी माणूस आहे. माझ्या नेडकडे तर खोगीरसुद्धा नाही. मग खोगीर मिळणं हा एक अख्खा चॅप्टर झाला.

दुसरा शब्द रानशेणी. कॅन्ससच्या माळावर झाडंच नाहीत, सरपण कुठून आणणार, मग रानटी म्हशींचं, म्हणजे बायसनचं, वाळलेलं शेण गोळा करून जाळायचे. स्वयंपाक्याच्या गाडीखाली कातड्याची झोळी बांधलेली असायची, चालता चालता दिसेल तसं सरपण त्यात टाकायचं. इंग्रजी लेखकाला हे समजावून सांगायला परिच्छेद लागतो, आपल्याला एक शब्द पुरतो, आणि माझ्या आजीने रानातून वेचून आणलेल्या शेण्यांचा वास वाचकाच्या नाकात लगेच येतो. मात्र उलटं करू नका, नेडच्या तोंडी विठ्ठल किंवा भाकरी घालू नका, तो बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस आणि आंबवलेल्या पिठाची बिस्किटं खातो, आणि ही बिस्किटं आपली चहातली नाहीत, मऊ पावासारखी असतात हे एकदा कुठेतरी सांगून टाका.

स्वयंपाकी. काफिल्यात म्होरक्यानंतर याचाच शब्द चालायचा. त्याची ती चक वॅगन, म्हणजे स्वयंपाकाची गाडी, चार्ल्स गुडनाइट नावाच्या गुरांच्या मालकाने १८६६ मध्ये लष्करी गाडीवर खण-कप्पे बसवून बनवलेली, मागची फळी खाली पाडली की टेबल व्हायचं. डॉक्टर तोच, न्हावी तोच, लोकांच्या वस्तू सांभाळणाराही तोच. आणि रोज रात्री झोपण्याआधी तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायचा, म्हणजे सकाळी ढग असले तरी उत्तर कुठे ते कळावं. हे वाचलं तेव्हाच मला कळलं की नेडचा माणूस हा आहे. मी त्याला गुलामगिरीतून सुटलेला काळा माणूस केलाय, आणि यात ओढूनताणून काही नाही, टेक्सासच्या काफिल्यांत काळे आणि मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येने होते, सिनेमाने त्यांना गायब केलं. लासो (गुरं पकडायचा फास), रँच हे शब्दच मुळात स्पॅनिश आहेत. स्वयंपाक्याचीही बायको आणि मुलगी युद्धाआधी विकली गेलीय. सुटका झाल्यावर अशा हजारो लोकांनी वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, माझी आई अमक्याची गुलाम होती, शेवटची अमुक गावी पाहिली, कुणाला ठाऊक असल्यास कळवा, आणि पाद्री त्या चर्चमध्ये वाचून दाखवायचे. खऱ्या जाहिराती वाचा, जमलं तर वीस-पंचवीस वाचा. नेडकडे पत्र आहे आणि स्वयंपाक्याकडे जाहिरातीचं कात्रण, आणि नेडला वाचता येतं, स्वयंपाक्याला येत नाही. एवढ्यावर माझी मधली शंभर पानं उभी आहेत.

आता सगळ्यात मराठी मुद्दा, तू आणि तुम्ही. इंग्रजीत हा प्रश्नच नाही. आपल्याला प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं, आणि पोरक्याच्या गोष्टीत ही अडचण नाही तर देणगी आहे. आपण आईला तू म्हणतो. आधीच्या पिढीत वडलांना अहो-जाहो करायचे पण आईला तूच. तर नेड म्होरक्याला तुम्ही म्हणतो, गुराख्यांना तुम्ही म्हणतो, स्वयंपाक्यालाही तुम्ही म्हणतो, शिकवल्यासारखं, भीतभीत. गोरे गुराखी स्वयंपाक्याला सर्रास अरेतुरे करतात, त्यामुळे नेडचं "तुम्ही" त्याच्या कानाला कसं लागत असेल तेही येऊ द्या. मग रेड रिव्हर येते. या नदीचं पाणी अचानक चढतं, गुरं मध्येच गोल गोल फिरायला लागतात, बऱ्याच गुराख्यांना पोहता येत नाही, घोड्याची शेपूट धरून पार व्हायचं एवढंच माहीत. गाडी पाण्यात कलंडते आणि नेड किनाऱ्यावरून ओरडतो, "सोड तो दोर, सोड तू!" त्या एका "तू"वर मी काहीही भाष्य केलं नाही. स्वयंपाकीही काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका प्लीज, "त्या क्षणी त्यांच्यात नातं निर्माण झालं" असं वाक्य लिहिलंत की सगळं पाण्यात. त्यानंतर पुस्तकभर नेड त्याला तू म्हणतो, बस.

बंदुका कमी ठेवा. कॅन्ससच्या पाच मोठ्या गुरांच्या गावांत १८७० ते १८८५ या सगळ्या वर्षांत मिळून पंचेचाळीस खून झाले असं रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने मोजलंय, म्हणजे एका सिनेमात मरतात त्याहून फार जास्त नाहीत, आणि गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी असायची. माणसं मरायची ती नदीत, घोड्याखाली आणि विजेने. रात्री वीज कडाडली की तीन हजार गुरं एका झटक्यात उठून पळतात, गुराखी पुढच्या गुरांना गाठून वळवतात आणि कळप गोल फिरवत थांबवतात. म्हणूनच रात्रपाळीचे लोक दोन-दोन तास कळपाभोवती हळू गात फिरायचे, गुरांना माणसाचा आवाज सवयीचा राहावा म्हणून. पोराला रात्रपाळी द्या आणि त्याला कुठलं गाणं येतं ते शोधा. ते आईचं असेल ना.

ज्यांच्या जमिनीतून हे सगळे चाललेत त्यांना विसरू नका. रेड रिव्हर ओलांडली की इंडियन टेरिटरी, आजचं ओक्लाहोमा, तिथे चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ हे लोक आधीच आपल्या पूर्वेकडच्या घरातून हुसकून आणून बसवलेले. काही ठिकाणी ते जनावरामागे दहा सेंट मागायचे आणि तो त्यांचा हक्कच होता. त्यांना झाडामागून येणारी आरोळी करू नका. पोरकेपणाची गोष्ट लिहिणाऱ्याने तर हे जरूर वाचावं की १८७९ पासून पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत आदिवासी पोरांना आईवडील जिवंत असताना नेऊन त्यांचे केस कापले, नावं बदलली, भाषा बंद केली. आणि सिंथिया ॲन पार्कर, १८३६ मध्ये नऊएक वर्षांची असताना कोमांचे या आदिवासी जमातीने तिला पळवलं, ती तिथेच वाढली, नवरा-मुलं झाली, १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सनी तिला "सोडवून" आणलं तर ती पुन्हा पुन्हा कोमांचेंकडे परत जायचा प्रयत्न करत राहिली. रक्ताचे लोक समोर उभे आणि ती दुसऱ्यांची. हिच्यावर कुणी मराठीत नीट लिहिलं तर मी पहिली वाचेन.

शेवटाकडे येऊ. मामा भेटवायचा का? मला विचाराल तर नाही, आणि इतिहास मदतीला येतो. १८६७ आधी ॲबिलीन म्हणजे डझनभर झोपड्या, जोसेफ मकॉय या गुरांच्या व्यापाऱ्याने तिथे गुरांचे वाडे बांधले आणि चार वर्षांत गाव फुगलं, १८७१ मध्ये तिथे वाइल्ड बिल हिकॉक हा नावाजलेला पिस्तुलबाज मार्शल, म्हणजे गावाचा पोलीसप्रमुख, होता, आणि १८७२ मध्ये गावानेच टेक्सासवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं. अशा गावात माणूस टिकत नाही. हिकॉकला एखाद्या वाक्यात दुरून दाखवा, त्याला सीन देऊ नका, तो गोष्ट चोरतो. नेडने मामाला शोधायचं कसं, तर त्या काळी पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांची यादी वर्तमानपत्रात छापत. नेड ती वाचतो आणि मामाचं नाव सापडतं. आधी आनंद होतो त्याला, आणि मग कळतं की नाव आहे याचा अर्थ मामाने पत्र नेलंच नाही. ते पत्र आईचं आहे, आजारी असताना लिहिलेलं. हा सीन लिहायला मला पाच आठवडे लागले, फक्त दीड पान आहे.

त्यानंतर घाई करू नका. गुरं विकली जातात, पगार होतो, लोक आंघोळ-दाढी करून नवे कपडे घेतात, पांगतात. स्वयंपाकी परत टेक्सासला निघालाय कारण पुढच्या वसंतात दुसरा कळप आहे. तो नेडला चल म्हणत नाही. म्हणायची त्याला हिंमत नाही, गोऱ्या पोराला काळ्या माणसाने कशाच्या जोरावर म्हणायचं, हे १८७१ आहे. तो फक्त गाडीच्या फळीवर दोन ताटं काढतो.

पहिल्या खर्ड्यात कुणीतरी नवखा गुराखी विचारतो "कुणाचा रे हा पोरगा?" आणि स्वयंपाकी म्हणतो "माझा". ताई म्हणाली, त्याला नको बोलू देऊस, प्रश्न पोराला विचारलाय तर पोरालाच उत्तर देऊ दे. मग मी ते वाक्य काढलं आणि नेडला बाहेर उभं केलं, हातात रानशेण्यांची झोळी. गुराखी विचारतो, कुणाचा रे तू. नेड बापाचं नाव सांगत नाही, मामाचंही नाही. हनुवटीने दाखवतो आणि म्हणतो, "त्या गाडीचा."

मग तो शेण्या टाकायला गाडीकडे जातो, आणि रात्री दांडी वळवायची पाळी त्याची असते.